ई-मेलची बारनिशी

भनपुरीच्या औद्योगिक वसाहतीत महिन्याचा पहिला आठवडा हिशेबनीसांच्या धावपळीचा असतो. रायपूर-बिलासपूर रस्त्यालगतच्या या भागात आणि पलीकडच्या उरला-सिलतरा पट्ट्यात लोखंड-पोलादाचे काम करणारे कारखाने, रोलिंग मिल आणि त्यांना माल पुरवणारे लहान उद्योग आहेत. त्यांपैकी ज्यांचे बँकेत कॅश क्रेडिट खाते असते, त्यांना मालसाठ्याचे व येणे रकमांचे विवरणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत शाखेकडे द्यावे लागते. पूर्वी कारखान्याचा माणूस ते कागद घेऊन शाखेत येई, खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेई आणि ती प्रत फाइलला लावली की काम संपे. आता अनेक ठिकाणी हे विवरणपत्र ई-मेलने जाते. वेळ वाचतो, पेट्रोल वाचते. शिक्क्याची प्रत मात्र राहिली नाही.

ही प्रत नसल्याची उणीव केव्हा जाणवते? शाखा म्हणते, विवरणपत्र मिळाले नाही. कारखाना म्हणतो, पाच तारखेलाच पाठवले. दोघेही खरे बोलत असतात. संगणकावर ‘सेंड’ची कळ दाबली गेलेली असते, पत्र मात्र वाटेत कोठेतरी थांबलेले असते. हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या मालमत्ता-वर्गीकरणाच्या नियमांनुसार तीन महिन्यांहून जुन्या विवरणपत्रावरून काढलेल्या ड्रॉइंग पॉवरच्या आधारे खात्यावर जी बाकी असेल, ती अनियमित मानली जाते. अशी अनियमित उचल सलग ९० दिवस चालू राहिली, तर कारखाना सुरळीत चालत असला आणि कर्जदाराची आर्थिक स्थिती चांगली असली, तरी खाते अनुत्पादक ठरते. चुकीच्या किंवा बंद झालेल्या पत्त्यावर दोन-तीन महिने पत्रे जात राहिली आणि ‘पत्र पोहोचले नाही’ अशी परत आलेली सूचना कोणी वाचलीच नाही, तर धडधाकट उद्योगही या वाटेला लागू शकतो.

कायद्यानेही या बाबतीत एक स्पष्ट रेषा आखून ठेवली आहे. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, उभय पक्षांत वेगळे ठरलेले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणक-साधनात शिरतो, त्या क्षणी तो ‘पाठवला’ असे समजले जाते. याचा सरळ अर्थ असा, की आउटबॉक्समध्ये पडून असलेले पत्र कायद्याच्या दृष्टीने पाठवलेलेच नसते. घेणाऱ्याने त्यासाठी विशिष्ट पत्ता नेमून दिला असेल, तर त्या नेमलेल्या साधनात दस्तऐवज शिरताच तो ‘मिळाला’ असे धरतात. म्हणून शाखेने विवरणपत्रासाठी कोणता पत्ता लेखी कळवला आहे, हे प्रथम पाहावे. भारतीय बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक.इन’ या राखीव नावाखाली न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. या बदलाच्या काळात ई-मेलचे पत्तेही बदलले आहेत काय, हे शाखेत विचारून घेणे शहाणपणाचे.

पत्र आपल्या ताब्यातून नेमके केव्हा गेले आणि गेले नसेल तर का गेले नाही, याचे उत्तर देणारी एक नोंदवही पुष्कळ ई-मेल प्रोग्रामांमध्ये असते. ती सहसा बंद ठेवलेली असते. जुन्या कचेऱ्यांत आवक-जावक टपालाची बारनिशी असे. नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढवरील अंमल १८५४ मध्ये संपला, त्या काळात इथल्या कारभाराचे कागद मोडीत लिहिले जात. पुढे लिपी बदलली, अंमल बदलले, पण बारनिशी ठेवण्याची रीत सरकारी व खासगी दोन्ही कचेऱ्यांत टिकली. संगणकाच्या भाषेत या नोंदवहीला लॉग म्हणतात. ती उघडण्याची, वाचण्याची आणि काम झाल्यावर बंद करण्याची रीत पाहू.

दोन संगणकांचे संभाषण

पडद्यावर दिसणारी चुकीची सूचना बहुधा मोघम असते. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ एवढेच ती सांगते. हे म्हणजे टपाल परत आले, पण पाकिटावर शेरा नाही, असे झाले. लॉगमध्ये मात्र ई-मेल प्रोग्राम आणि सेवा पुरवणाऱ्याचा सर्व्हर यांच्यातील संभाषण ओळीने लिहिलेले असते.

पत्र पाठवण्याची ही बोली एसएमटीपी या नावाने ओळखली जाते. तिचा सर्वमान्य मसुदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला. त्यात वेळोवेळी भर पडली, तरी संभाषणाचा सांगाडा आजही तोच आहे. प्रोग्राम सर्व्हरचे दार ठोठावतो. सर्व्हर ‘२२०’ म्हणतो, म्हणजे ‘तयार आहे’. प्रोग्राम नमस्कार करून आपले नाव सांगतो. सर्व्हर ‘२५०’ असे उत्तर देऊन आपण किती मोठे पत्र घेऊ, कोणत्या प्रकारे ओळख पटवून घेऊ, हे कळवतो. मग संभाषण गुप्त करण्याची बोलणी होते, ओळख पटते व ‘२३५’ हा आकडा येतो. पत्र कोणाकडून, असे सांगितले जाते, २५०. कोणाला, पुन्हा २५०. ‘आता मजकूर देतो’ असे प्रोग्राम म्हणतो, तेव्हा ‘३५४’ येतो, म्हणजे ‘चालू द्या’. मजकूर संपल्याची खूण म्हणून एका ओळीवर फक्त एक टिंब पाठवले जाते. त्यानंतर सर्व्हर जो २५० देतो, तोच सर्वांत मोलाचा. बहुतेक सर्व्हर त्या ओळीत एक क्रमांकही देतात. हा क्रमांक म्हणजे टपालखात्याच्या रजिस्टर पावतीसारखा असतो. या उत्तरानंतर पत्राची जबाबदारी सर्व्हरने घेतली, असे एसएमटीपीचा नियम सांगतो. पुढे ते पोहोचवता आले नाही, तर तसे कळवणे हे त्याचे काम. कायद्यातील ‘पाठवले’ हा क्षणही व्यवहारात येथेच शोधावा लागतो.

हे तीन अंकी आकडे पाठ करण्याची गरज नाही. पहिला अंक पाहिला तरी पुष्कळ कळते. दोनने सुरू होणारा आकडा म्हणजे काम झाले. तीन म्हणजे पुढे चला. चार म्हणजे आता जमत नाही, थोड्या वेळाने या. पाच म्हणजे नाही. काही बदल केल्याशिवाय पुन्हा येऊ नका. आउटबॉक्समध्ये अडकलेले पत्र पुन्हा पुन्हा पाठवत बसणारा माणूस बहुधा पाचच्या आकड्यापुढे डोके आपटत असतो आणि ते त्याला ठाऊक नसते.

येणाऱ्या पत्रांसाठी दोन वेगळ्या बोली आहेत. पॉप-तीनमध्ये सर्व्हर अधिकचिन्हासह ‘ओके’ किंवा वजाचिन्हासह ‘एरर’ एवढीच उत्तरे देतो. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आखलेल्या आयमॅपमध्ये प्रत्येक आज्ञेला एक खूण दिलेली असते आणि उत्तरात ‘ओके’, ‘नो’ किंवा ‘बॅड’ हे शब्द येतात. ‘नो’ म्हणजे विनंती समजली, पण मान्य नाही. ‘बॅड’ म्हणजे विनंतीच समजली नाही.

नोंदवही कशी उघडावी

कार्यालयांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्ट आउटलुकमध्ये ही सोय आधीच दिलेली आहे. वरच्या ‘फाइल’ या शब्दावर टिचकी मारावी, ‘ऑप्शन्स’ उघडावे, डावीकडील ‘ॲडव्हान्स्ड’ निवडावे आणि पान खाली सरकवून ‘अदर’ या भागात यावे. तेथे ‘एनेबल ट्रबलशूटिंग लॉगिंग’ असे लिहिलेला चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण करून ‘ओके’ करावे, आउटलुक पूर्ण बंद करावे आणि पुन्हा उघडावे. हा बंद-उघड करण्याचा टप्पा पुष्कळजण विसरतात आणि मग नोंद होत नसल्याची तक्रार करतात. पुन्हा उघडल्यावर आउटलुक स्वतःच सांगते, की नोंद चालू आहे व तिच्यामुळे वेग मंदावू शकतो. आता अडकलेले पत्र एकदा पाठवून पाहावे, चूक घडू द्यावी आणि पुढच्या उद्योगाला लागावे.

नोंदी विंडोजच्या तात्पुरत्या फाइलींच्या कप्प्यात, ‘टेम्प’ या फोल्डरमध्ये, साठतात. तेथेच ‘आउटलुक लॉगिंग’ नावाचा उपकप्पा तयार होतो. त्यात ‘ईटीएल’ अशा शेपटीच्या काही फाइली असतात. त्या साध्या माणसाला वाचता येण्यासारख्या नसतात, कंपनीच्या तज्ज्ञांसाठी असतात. त्या उघडण्याच्या खटपटीत पडू नये. ‘लॉग’ अशी शेपटी असलेल्या मजकुराच्या फाइली मात्र नोटपॅडमध्ये उघडतात आणि पॉप-तीन, एसएमटीपी व आयमॅपचे संभाषण त्यांतच सापडते. वरील सोय आउटलुकच्या जुन्या, ‘क्लासिक’ म्हटल्या जाणाऱ्या रूपात आहे. विंडोजबरोबर अलीकडे येणारे ‘न्यू आउटलुक’ वेगळ्या घडणीचे आहे. त्यात हा चौकोन शोधण्यात वेळ घालवू नये.

थंडरबर्ड हा विनामूल्य प्रोग्राम डिसेंबर २००४ मध्ये प्रथम पूर्ण स्वरूपात आला आणि परवान्याचा खर्च वाचतो म्हणून अनेक लहान उद्योगांनी तो स्वीकारला. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पाठवण्याच्या तक्रारीचा माग काढणे सोपे झाले आहे. ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ पानाच्या अगदी तळाशी ‘कॉन्फिग एडिटर’ आहे. तेथे शोधाच्या चौकटीत ‘मेलन्यूज.एसएमटीपी.लॉगलेव्हल’ हे नाव रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान ठेवून लिहावे आणि त्याची किंमत ‘ऑल’ करावी. येथे पहिले अक्षर मोठे हवे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि ‘जे’ या तीन कळा एकदम दाबल्या, की ‘एरर कन्सोल’ची खिडकी उघडते व पत्र पाठवताना चाललेले संभाषण तिच्यात डोळ्यांदेखत उमटत जाते. सर्व्हरच्या ओळींपुढे ‘एस’ आणि प्रोग्रामच्या ओळींपुढे ‘सी’ हे अक्षर असते. पॉप-तीनसाठी याच धर्तीची वेगळी नोंद आहे.

आयमॅपचा मार्ग थोडा जुन्या वळणाचा. थंडरबर्ड सुरू करण्यापूर्वी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात : ‘मोझ-लॉग’ या नावाखाली काय नोंदवायचे आणि ‘मोझ-लॉग-फाइल’ या नावाखाली ते कोणत्या फाइलीत लिहायचे. पहिल्यात ‘आयमॅप’, विसर्गचिन्ह आणि ५ हा आकडा, त्यापुढे स्वल्पविराम देऊन ‘टाइमस्टॅम्प’ असे लिहितात. पाच म्हणजे सर्वांत बारीक नोंद. नंतर त्याच खिडकीतून थंडरबर्ड सुरू करावे. प्रत्यक्ष लिहिताना दोन्ही नावे मोठ्या रोमन अक्षरांत आणि शब्दांमध्ये आडव्या रेघेऐवजी अधोरेषा वापरून लिहायची असतात. हे काम संगणकाची देखभाल करणाऱ्या माणसाकडून करून घेतले तरी बिघडत नाही. त्याला काय हवे ते नेमके सांगता आले म्हणजे पुरे.

या शतकाच्या पहिल्या दशकात घरोघरी असलेल्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये ‘मेन्टेनन्स’ या पानावर मेल, आयमॅप वगैरेंसाठी वेगवेगळे चौकोन होते आणि तेवढी सुटसुटीत सोय नंतर पुन्हा दिसली नाही. तो प्रोग्राम आता इतिहासजमा झाला. विंडोज एक्सपीचा आधारही ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरीही एखाद्या कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक अजून एक्सपीवर चालत असेल आणि त्यावरून पावत्या ई-मेलने पाठवण्याचा प्रयत्न होत असेल, तर लॉगमध्ये एक ठरावीक चित्र दिसते. नमस्कार होतो, गुप्त संभाषणाची बोलणी सुरू होते आणि तेथेच सर्व्हर फोन ठेवून देतो. कारण गुप्ततेच्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये औपचारिकरीत्या मोडीत काढण्यात आल्या आणि एक्सपीच्या अंगभूत यंत्रणेला त्यापुढची आवृत्ती बोलता येत नाही. पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी येथे उपयोग होत नाही. त्या संगणकावरून ई-मेल पाठवणेच थांबवावे.

काही नेहमीच्या नोंदी

‘५३५’ हा आकडा सर्वांत अधिक भेटतो. ओळख पटली नाही, असा त्याचा अर्थ. पासवर्ड चुकला असेल, असे प्रथम वाटते. पण पुष्कळदा पासवर्ड बरोबर असतो आणि पासवर्डाने आत येण्याची वाटच बंद झालेली असते. गूगलने कमी सुरक्षित समजल्या जाणाऱ्या प्रोग्रामांना केवळ नाव-पासवर्डावर प्रवेश देणे ३० मे २०२२ पासून थांबवण्यास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने संस्थांच्या खात्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून तसेच केले आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांना १६ सप्टेंबर २०२४ पासून तोच नियम लावला. वर्षानुवर्षे नीट चालणारा ई-मेल एका सकाळी एकाएकी बंद पडला आणि लॉगमध्ये ५३५ असेल, तर ‘ओऑथ’ ही नवी ओळख-पद्धत निवडावी किंवा सेवा पुरवणाऱ्याने परवानगी दिली असल्यास त्या प्रोग्रामसाठी स्वतंत्र पासवर्ड करून घ्यावा.

‘५५२’ बहुधा आकाराशी संबंधित असतो. येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. ई-मेलची मूळ बोली साध्या अक्षरांसाठी बनलेली असल्यामुळे जोडलेली प्रत्येक फाइल अक्षरांच्या रूपात बदलून पाठवली जाते आणि या रूपांतरात ती सुमारे एकतृतीयांशाने फुगते. समजा, सर्व्हरची पत्राची मर्यादा २५ मेगाबाइट आहे. शिक्के-सह्यांसह रंगीत स्कॅन केलेले विवरणपत्र २० मेगाबाइटचे असेल, तर ते मर्यादेत आहे असे पाठवणारा समजतो. वाटेत ते २६-२७ मेगाबाइटचे होते आणि सर्व्हर ते नाकारतो. कृष्णधवल स्कॅन केले किंवा मूळ तक्ताच पाठवला, तर प्रश्न राहत नाही. घेणाऱ्याची पेटी भरलेली असतानाही ५५२ किंवा ‘४५२’ येऊ शकतो. जीमेलमध्ये विनामूल्य मिळणारी १५ गीगाबाइट जागा पत्रे, फाइली आणि छायाचित्रे यांच्यात वाटलेली असते. फोनवरच्या लग्नाच्या चित्रफितींमुळे कारखान्याची पेटी भरून बँकेचे पत्र परत जाते, असे घडू शकते.

‘५५०’ म्हणजे तसा पत्ता नाही किंवा त्या पत्त्यावर पत्र देण्यास नकार आहे. एखादे अक्षर चुकलेले असते, किंवा बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचा जुना पत्ता प्रोग्रामने आपोआप भरलेला असतो. विवरणपत्र व्यक्तीच्या पत्त्यावर न पाठवता शाखेच्या पत्त्यावर पाठवावे, हे यासाठीच.

‘४५०’ किंवा ‘४५१’ पाहून घाबरू नये. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेस मुद्दाम परत पाठवतात. कचरा-पत्रे पाठवणारे पुन्हा येत नाहीत, खरे पाठवणारे येतात, असा त्यामागचा ठोकताळा आहे. काही मिनिटांनी तेच पत्र विनासायास जाते.

आणि कधी लॉगमध्ये एकही आकडा नसतो. प्रोग्रामने दार ठोठावले, मग बराच वेळ काही नाही आणि शेवटी ‘टाइमआउट’. अशा वेळी सर्व्हरपर्यंत हाकच पोहोचलेली नसते. पत्र सोपवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ क्रमांकाचे दार वापरायचे असते. जुन्या संगणकात अजून २५ लिहिलेले असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्याने ते बंद केलेले असण्याचा संभव फार. कचरा-पत्रांना आळा घालण्यासाठी तसे करण्याची पद्धत आहे. नुकतेच बसवलेले अँटिव्हायरसही वाट अडवू शकते.

कारखान्यांच्या भागात आणखी एक कारण तपासावे. वीज वारंवार ये-जा करणाऱ्या ठिकाणी जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील लहानशी चपटी बॅटरी संपलेली असेल, तर दर खेपेस घड्याळ काही वर्षे मागे जाते. सर्व्हरचे ओळखपत्र त्या मागच्या तारखेला ‘अद्याप सुरूच झालेले नाही’ असे संगणकाला वाटते आणि तो संभाषण तोडतो. लॉगमध्ये ‘सर्टिफिकेट’ या शब्दाजवळ चूक दिसते. अशा वेळी सर्व्हर बदलण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. सीआर २०३२ नावाची ती बॅटरी घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळते.

वेळ वाचताना

थंडरबर्डच्या फाइलीतील वेळ ‘यूटीसी’ या जागतिक मापाने लिहिलेली असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. नोंदीत १२:३५ दिसले, तर भनपुरीत संध्याकाळचे ६ वाजून ५ मिनिटे झाली होती. मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदीत तर तारीखही बदलते : ७ तारखेचे १९:०० यूटीसी म्हणजे येथे ८ तारखेची रात्रीची साडेबारा. मुदतीचा वाद असेल तेव्हा हे गणित कागदावर मांडून शाखेला दाखवावे.

लॉगची फाइल हा पुरावा होऊ शकतो काय, असा प्रश्न मनात येईल. नोटपॅडमध्ये उघडणारी फाइल नोटपॅडमध्ये बदलताही येते, म्हणून एकटी ती फाइल दुबळी असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या फाइलीचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, लिहावा लागतो. बाजू भक्कम होते ती सर्व्हरच्या बाजूची नोंद मिळाल्यास, आणि तेथेच २५० नंतरचा तो पावती-क्रमांक कामी येतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. त्यामुळे चौकशी करायची ती या सहा महिन्यांच्या आत, क्रमांक व वेळ देऊन.

नोंदवही कोणाच्या हाती द्यावी

या भागात थोडे थांबणे अगत्याचे आहे, कारण उपायच अपाय होऊ शकतो. लॉगमध्ये संभाषणाची प्रत्येक ओळ असते, तेव्हा ओळख पटवण्याची ओळही असू शकते. ती अगम्य अक्षरांची माळ दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते, की पासवर्ड गुप्त केलेला आहे. तसे नसते. बेस-६४ नावाच्या त्या लेखनपद्धतीला किल्ली लागत नाही. मोडी येणाऱ्याने मोडी वाचावी, तसा जाणकार ती क्षणात वाचतो. थंडरबर्डसारखे प्रोग्राम ही ओळ गाळून ‘येथे नोंद दाबली आहे’ असे लिहितात, पण सर्वच प्रोग्राम व सर्वच आवृत्त्या तसे करतील, असे धरून चालू नये. आयमॅपच्या बारीक नोंदीत तर आलेल्या पत्रांचा मजकूरही उतरतो. त्यात खातेक्रमांक असतील, भाव असतील, ग्राहकांची नावे असतील.

म्हणून फाइल कोणाला पाठवण्यापूर्वी ‘ऑथ’ आणि ‘लॉगिन’ हे शब्द शोधून त्यांच्या पुढच्या ओळी खोडाव्यात. अडलेल्या प्रयत्नाच्या आसपासच्या वीस-पंचवीस ओळी बहुधा पुरतात. सबंध फाइल देण्याची गरज क्वचित पडते. ती दिलीच गेली असेल, तर काम झाल्यावर पासवर्ड बदलावा.

‘तुमचा ई-मेल नीट करून देतो’ असे सांगत फोन करणारा आणि संगणकाचा ताबा दुरून घेण्याचा प्रोग्राम बसवायला लावणारा माणूस मदतनीस आहे, असे समजू नये. एनीडेस्कसारख्या साधनांचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ई-मेल पेटीचा ताबा गेला, की पुरवठादाराच्या नावाने ‘आमचा खातेक्रमांक बदलला आहे’ अशी पत्रे सुटतात आणि नेहमीच्या व्यवहाराची रक्कम भलत्या खात्यात जाते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालत असल्यामुळे अशी रक्कम रविवारी रात्रीही हलू शकते. तसे घडल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी आणि शाखेला कळवावे. खातेक्रमांक बदलल्याचे पत्र आले, तर आधीपासून माहीत असलेल्या दूरध्वनीवर विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. पत्रात दिलेल्या क्रमांकावर विचारून उपयोग नाही.

शाखेतील कर्मचाऱ्यांसाठी नियम अधिक कडक हवा. बँकेच्या संगणकावरील ई-मेलची नोंद स्वतः चालू करू नये. तक्रार माहिती-तंत्रज्ञान विभागाकडे, वेळ आणि पडद्यावरील सूचनेच्या छायाचित्रासह द्यावी. ग्राहकाने आपला लॉग दाखवायला आणला, तर तो पाहावा, त्यातील पावती-क्रमांक व वेळ टिपून घ्यावी, फाइल मात्र पेन ड्राइव्हवरून बँकेच्या संगणकात घेऊ नये. शाखेच्या पेटीत पत्र दिसत नसेल, तर ‘जंक’ हा कप्पा उघडून पाहण्यास दोन मिनिटे लागतात, आणि ग्राहकाला दुसऱ्यांदा पाठवा म्हणण्यापूर्वी ती द्यावीत. विवरणपत्र मिळताच एका ओळीचे उत्तर पाठवण्याची पद्धत ज्या शाखेत असेल, तेथील ग्राहकाला या लेखातील अर्ध्या खटपटीची गरज पडणार नाही. हरवलेला शिक्का त्याला त्या ओळीतच मिळतो.

दोष सापडला, पत्र गेले, की नोंदवही बंद करायची. आउटलुकमध्ये त्याच चौकोनातील खूण काढावी व प्रोग्राम पुन्हा सुरू करावा. थंडरबर्डमध्ये बदललेली किंमत पूर्ववत करावी आणि कमांड प्रॉम्प्टची खिडकी मिटवावी. चालू राहिलेली नोंद डिस्क भरत राहते आणि पासवर्ड, पत्रे, पत्ते यांचा साठा कोणाच्या ध्यानीमनी नसताना वाढवत राहते. ज्या नोंदीवरून पाठवल्याची वेळ सिद्ध करायची असेल ती फाइल, तिचा हॅश आणि तारीख लिहून, वेगळ्या डिस्कवर कुलुपात ठेवावी. बाकीच्या फाइली पुसाव्यात आणि रिसायकल बिनही रिकामे करावे.